आयडलर कुठल्या बाजूला, केवढा, आणि साखळीला तो किती दाबायचा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला, फोटोही मोठा करून बघितला. मला समजलं ते आधी सांगतो, काही चुकत असेल तर दुरुस्त करा.

खानापूर तालुक्यात तुमची भाताची गिरणी आहे. १० एचपीची, १४४० फेऱ्यांची मोटर, तिच्यावर ५ इंची पुली, आणि बी सेक्शनचे (व्ही आकाराचे, एका ठरावीक मापाचे) तीन पट्टे दोन फुटांवरच्या लाईन शाफ्टच्या (बाकी यंत्रांना फिरवणाऱ्या लांब दांड्याच्या) २० इंची पुलीवर गेलेत. पट्टे नवे घातले तरी पंधरवड्यात सैल होतात आणि मोटर सुरू करताना किंचाळतात. मोटर काँक्रीटमध्ये पक्की आहे, मागे भिंत, त्यामुळे सरकवायला जागा नाही. म्हणून गावातच २ इंची नळीचा रोलर करून तो पट्ट्यांवर बाहेरून दाबला. किंचाळणं थांबलं, पण आता पट्टे दीड महिन्यात फुटतात. दुसरं दुखणं साखळीचं. लाईन शाफ्टवरून पाच फूट वर एलिव्हेटरला (भात वर नेणाऱ्या बादल्यांच्या यंत्राला) गेलेली पाऊण इंची साखळी खालच्या स्प्रॉकेटवर, म्हणजे दाती चाकावर, दात सोडून उडते. आयडलर, म्हणजे पट्ट्याला नुसता दाब देणारं असं मोकळं चाक, लावणंच चूक होतं का, आणि साखळीवरही असाच रोलर दाबावा का, हे तुम्हाला हवंय.

बेळगावच्या उद्यमबागेत माझं वर्कशॉप आहे. सव्वीस वर्षं खानापूरपासून निपाणीपर्यंत गिरण्या, गुऱ्हाळं, कुट्टी मशिनं हेच काम. त्या अनुभवावर सांगतो की आयडलर लावणं चूक नव्हतं. बाजू चुकली आणि माप चुकलं. साखळीवर मात्र तसाच रोलर कृपा करून दाबू नका, कारण पट्टा आणि साखळी या दोन वेगळ्या जाती आहेत. पट्टा पकडीवर चालतो. त्याला खेच नसेल तर खाचेच्या भिंतीला तो चिकटतच नाही. साखळी दातांवर चालते, तिला आधीपासून ताणून ठेवायची गरजच नसते. एकीला ताण हवा, दुसरीचा फक्त झोळ आवरायचा. आयडलर दोन्हीकडे लागतो पण दोन्हीकडे त्याचं काम निराळं.

आधी पट्ट्याचं बघू.

चालू मशीनवर पट्ट्याच्या दोन बाजूंना सारखा ताण कधीच नसतो. मोटरची पुली ज्या बाजूचा पट्टा स्वतःकडे ओढून घेते ती ताणाची बाजू, आणि ज्या बाजूने पट्टा सोडून देते ती सैल बाजू. आमच्याकडे निम्मी पोरं कानडी बोलणारी, ती यांना ‘बिगी’ आणि ‘सडिल’ म्हणतात. तुमच्या फोटोत मोटरवर बाण आहे. त्याप्रमाणे मोटर पुलीचा माथा मोठ्या पुलीकडे पळतो. म्हणजे वरचा पट्टा मोटरकडून सुटून जातोय, तो सैल. खालचा मोटरकडे येतोय, तो ताणाचा. आणि तुमचा रोलर खालच्या पट्ट्यावर आहे.

याने काय बिघडतं ते आकड्यात बघा. ५ इंची पुली १४४० फेऱ्यांनी फिरली की पट्टा सेकंदाला साधारण साडेनऊ मीटर पळतो. एवढ्या वेगाला १० एचपी ओढायचे तर दोन्ही बाजूंच्या ताणात सुमारे ८० किलोचा फरक लागतो. नीट बसवलेल्या व्ही पट्ट्याला मी हिशोबासाठी ताणाची आणि सैल बाजू पाचास एक धरतो. म्हणजे तिन्ही पट्टे मिळून एका बाजूला १०० किलो आणि दुसऱ्या बाजूला २०. पट्टा आयडलरवरून ३० अंशांनी वळवला तर आयडलरवर ताणाच्या साधारण निम्मा भार येतो. सैल बाजूला तो १० किलो, ताणाच्या बाजूला ५० किलो. स्टार्टर डीओएल (मोटरला एकदम पूर्ण वीज देणारा) असेल तर सुरू होतानाचा धक्का याच्या दुपटीवर जातो. तोच ब्रॅकेट, तेच बेरिंग, पण पाचपट मार. शिवाय झोळ पडतो सैल बाजूला. जिथे झोळच नाही तिथे रोलर दाबून झोळ निघणार कसा? दाबून दाबून तुम्ही सगळा पट्टाच जास्त ताणलात, म्हणून किंचाळणं थांबलं. त्याची किंमत पट्टा आणि मोटरचं पुढचं बेरिंग भरतंय. मोटर बंद केल्यावर त्या बेरिंगच्या झाकणाला हात लावून बघा, किती तापलंय.

आता माप. बी सेक्शनचा पट्टा १७ मिलिमीटर रुंद आणि ११ मिलिमीटर जाड असतो. त्याला ५ इंचाखालच्या पुलीवर वाकवायचं नाही. तुमची मोटर पुलीच त्या हद्दीवर उभी आहे. आणि तुम्ही त्याला २ इंची नळीवर वाकवलंत, तेही पाठीकडून, म्हणजे उलटं. व्ही पट्ट्यात ताण झेलणारे दोरे वरच्या अंगाला असतात आणि खाली रबराची गादी असते. तो आतल्या बाजूला वाकायला बनवलेला आहे. उलटा वाकवला की खालचं रबर ताणलं जातं, आडव्या बारीक भेगा पडतात. तुटलेला पट्टा फेकला नसेल तर उलटा करून वाकवून बघा. पोटाकडून नखाएवढ्या अंतरावर चिरा दिसतील. ती निशाणी छोट्या रोलरची. आणखी एक, २ इंची नळी या वेगाला मिनिटाला साडेतीन हजार फेरे घेते. साध्या पत्र्याच्या टोपीत बसवलेलं बेरिंग भाताच्या धुळीत एवढ्या फेऱ्यांना किती दिवस टिकणार?

पण नवा आयडलर बनवायच्या आधी एक काम करा. फ्यूज काढून खिशात ठेवा, पट्टे उतरवा आणि दोन्ही पुलींच्या खाचांत बॅटरी मारून बघा. व्ही पट्टा खाचेच्या दोन भिंतींवर चालतो, तळाला त्याने टेकायचंच नाही. तळ आरशासारखा चकाकत असेल तर पट्टा खाली बसतोय, म्हणजे भिंती झिजल्या. भिंतीला सरळ पट्टी लावा. मध्ये पाऊण मिलिमीटरच्या वर पोकळी दिसली तर ती पुली बदलायचीच. अशा पुलीवर तुम्ही कितीही ताण द्या, पट्टा घसरणारच, आणि पंधरवड्यात सैल होणं हे याचंही लक्षण असतं.

जांबोटी भागातल्या एका गिरणीचं असंच झालं होतं. फोनवर ऐकून मी तीन खाचांचा छान आयडलर टर्न करून, बेरिंग ठोकून गाडीत घालून गेलो. पट्टे उतरवले तर मोटर पुलीच्या तिन्ही खाचा तळाला लखलखीत. पुली बदलली, पट्टे तिन्ही एकदम नवे घातले आणि आयडलर तसाच परत आणला. तेव्हापासून पुली बघितल्याशिवाय मी आयडलरचं माप घेत नाही. आणि हो, तीन पट्ट्यांतला एकच तुटला तरी तिन्ही बदलायचे. जुना पट्टा लांबलेला असतो, मग सगळा भार नवा एकटाच ओढतो आणि आठवड्यात तोही जातो.

पुली ठीक निघाली तर पुढचा विचार. मोटर सरकवता येत असेल तर आयडलर नकोच, हे माझं ठाम मत आहे. एक चाक वाढलं की दोन बेरिंगं वाढतात, पट्ट्याला एक वाक वाढतो. तुमच्याकडे मागे भिंत आहे हे खरं, पण मोटर वर उचलायला जागा आहे का? एका बाजूला बिजागरी असलेली प्लेट मोटरखाली टाकून दुसऱ्या बाजूने लांब बोल्टने उचलली की पट्टा ताणता येतो. काँक्रीट फोडावं लागत नाही, जुन्याच फाउंडेशन बोल्टवर प्लेट बसते. फोटोत मोटरवर दीड फूट मोकळं दिसतंय, पण वर पट्ट्यांच्या जाळीचा अँगल आडवा येतो का ते मला इथून सांगता येणार नाही. ते तुम्हीच मोजा.

ते जमत नसेल तर आयडलर. तो आतून लावायचा की बाहेरून, यावर मिस्त्री लोकांत वाद असतो, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. बाहेरून दाबला तर छोट्या पुलीवर पट्ट्याचा वेढा वाढतो, पकड सुधारते, पण उलटा वाक येतो. आतून दाबला तर वाक सुलटा राहतो, पट्टा जास्त जगतो, पण वेढा थोडा कमी होतो. म्हणून तुमच्याकडे वेढा किती आहे यावर निर्णय. ५ आणि २० इंची पुली, मधलं अंतर २४ इंच, म्हणजे छोट्या पुलीवर साधारण १४४ अंशांचा वेढा. हा पुरेसा आहे. थोडा कमी झाला तरी चालेल. १२० च्या आसपास असता तर मी बाहेरून लावा म्हटलं असतं.

तेव्हा तुमच्यासाठी असा: आतल्या बाजूने, वरच्या म्हणजे सैल पट्ट्याला, मोठ्या पुलीच्या जवळ. तीन खाचांचा, ५ इंचापेक्षा लहान नाही, ६ इंची मिळाला तर उत्तम. मोठ्या पुलीजवळ अशासाठी की छोट्या पुलीचा वेढा कमीत कमी खाल्ला जावा. खाचा मोटर पुलीच्या खाचांशी दोरी लावून एका रेषेत आणा. वेल्डिंग झाल्यावर ब्रॅकेट ओढ घेतं, म्हणून दोरी पुन्हा एकदा लावा. ब्रॅकेटला लांब स्लॉट आणि मागून रेटणारा बोल्ट ठेवा, म्हणजे हातोडा न मारता ताण देता येईल. स्लॉट इतका ठेवा की आयडलर पूर्ण सोडल्यावर पट्टा हाताने सहज चढेल. पहारीने कडेवरून चढवलेल्या पट्ट्याचे आतले दोरे तिथेच तुटतात. वरून दिसत नाही, महिन्याने कळतं.

दुसऱ्या कुणाला बाहेरूनच लावावा लागला तर त्यांच्यासाठी: सपाट रोलर, छोट्या पुलीच्या किमान सव्वा ते दीडपट, सैल बाजूलाच पण छोट्या मोटर पुलीच्या जवळ. सपाट रोलरवर व्ही पट्टे थोडे इकडेतिकडे सरकतात. मोठ्या पुलीपासून लांब असला की खाचेत शिरेपर्यंत ते सरळ होतात. आणि रोलरला मधोमध फुगवटा नको. तो फुगवटा सपाट पट्ट्याला मध्ये ठेवण्यासाठी असतो, व्ही पट्ट्याला त्याचा उपयोग नाही.

स्प्रिंगचा आयडलर लावू का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. एका दिशेने फिरणाऱ्या मशीनला तो चांगला. पट्टा लांबेल तसा आपोआप पुढे येतो. पूर्वीच्या सपाट पट्ट्याच्या गिरण्यांत आयडलरच्या दांडीला वजन टांगलेलं असायचं, तत्त्व तेच. पण माझा एक अनुभव ऐका. संकेश्वरकडच्या एका मशीनला मी सैल बाजूला स्प्रिंगचा आयडलर लावून दिला, तो सहा महिने उत्तम चालला. एक दिवस गावात लाईनचं काम झालं आणि दोन फेज अदलाबदल झाले. मोटर उलटी फिरली. उलटी फिरली म्हणजे माझी सैल बाजू एका क्षणात ताणाची झाली. स्प्रिंग त्या ताणापुढे टिकली नाही, दांडी मागे फेकली गेली, पट्टे पुलीवरून उडाले आणि ब्रॅकेट वेल्डिंगपासून फाटलं. समोर कुणी उभं नव्हतं, एवढंच नशीब. त्या दिवसापासून स्प्रिंगच्या आयडलरच्या मागे मी पक्का अडथळा देतो, म्हणजे दांडी ठरावीक अंतराच्या मागे जाऊच शकत नाही, आणि पॅनेलमध्ये फेज उलटली तर मोटर सुरूच होऊ न देणारा रिले बसवायला सांगतो. आपल्या भागात लाईनची कामं काही थांबत नाहीत. तुम्हाला मी स्लॉट-बोल्टचा पक्का आयडलरच सुचवेन.

ताण किती द्यायचा? दोन पुलींच्या मधल्या मोकळ्या पट्ट्याच्या बरोबर मध्ये दाबा. दर मीटरला १६ मिलिमीटर दबला पाहिजे असा हिशोब असतो. तुमचा खालचा मोकळा पट्टा ५८ सेंटिमीटरचा, म्हणजे ९ मिलिमीटर. आणि तेवढं दाबायला एका पट्ट्याला दोन ते तीन किलोचा जोर लागला पाहिजे. अंगठ्यावर विसंबू नका, प्रत्येकाचा अंगठा वेगळा. बाजारात टांगून वजन करतात तो स्प्रिंगचा काटा घ्या, पट्ट्याला हुक अडकवून ओढा आणि पट्टीने मोजा. नवा पट्टा पहिल्या एक-दोन दिवसांत खाचेत बसतो आणि सैल होतो. तेव्हा एकदा ताण पुन्हा द्यायचाच. तुमचे पट्टे पंधरवड्यात सैल होतात असं तुम्ही म्हणता, त्यातला मोठा भाग मला वाटतं हा आहे. मोटर हलत नसल्यामुळे तो दुसरा ताण त्यांना कधी मिळालाच नाही.

आता साखळी.

तुमची साखळी जवळजवळ उभी आहे आणि ओढणारं स्प्रॉकेट खाली. आडव्या साखळीत झोळ मध्ये पडतो, उभ्या साखळीत तो सगळा खाली उतरतो आणि साखळी आपल्याच वजनाने खालच्या स्प्रॉकेटपासून सुटते. दोन-तीन दात मोकळे पडले की धक्क्याला ती उडते. म्हणून उभ्या साखळीला आयडलर हवाच, यात तुमची शंका रास्त आहे. फक्त नळीचा रोलर नको. साखळीच्या पट्ट्या नळीवर घासतात, साखळीतले रोलर अधांतरी राहतात, नळीला दोन खोबण्या पडतात आणि साखळी लवकर संपते. दाती स्प्रॉकेटच हवं, निदान १७ दातांचं, त्याच पाऊण इंच पिचचं (पिच म्हणजे एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंतचं अंतर), बेरिंगवर फिरणारं. वेग अगदी कमी असता तर नायलॉनचा ठोकळाही चालला असता. लाईन शाफ्टच्या ३६० फेऱ्यांना मी नाही लावणार.

जागा: सैल बाजूला, बाहेरून आत दाबलेलं, खालच्या स्प्रॉकेटच्या जवळ, म्हणजे तिथला वेढाही वाढतो. रोलर साखळी दोन्ही अंगांनी सारखीच वाकते, त्यामुळे पट्ट्यासारखा उलट्या वाकाचा दोष इथे नाही. आयडलरचे किमान तीन दात साखळीत अडकलेले हवेत, आणि आयडलर व खालच्या स्प्रॉकेटमध्ये किमान चार पिच, म्हणजे ७६ मिलिमीटर साखळी मोकळी हवी. आणि मग दाबायचं थांबायचं. मध्ये हाताने साखळी पुढे-मागे ढकलून बघा. पाच फुटांच्या उभ्या साखळीला एकूण ३० मिलिमीटर हालचाल राहिली पाहिजे. आडवी असती तर मी ६० पर्यंत ठेवली असती. तारेसारखी ताणलेली साखळी बघायला नीटनेटकी दिसते, पण पिना आणि बेरिंगं ती खाते.

त्याआधी साखळी मोजा, कारण झिजलेल्या साखळीला आयडलर लावणं म्हणजे दुखणं झाकणं. लोक म्हणतात साखळी ताणली गेली. पट्ट्या ताणल्या जात नाहीत, पिना आणि बुश झिजतात आणि प्रत्येक कडीत थोडी थोडी लांबी वाढते. साखळी ओढून धरून २० पिच मोजा, एका पिनेच्या मध्यापासून विसाव्या पुढच्या पिनेच्या मध्यापर्यंत. नवी साखळी ३८१ मिलिमीटर भरते. ३९२ च्या पुढे गेली असेल तर ३ टक्के झीज झाली, ती बदला. मधली असेल तर आयडलर लावून वापरा. बदलताना स्प्रॉकेटचे दातही बघा. समुद्राच्या लाटेसारखे एका बाजूला वळले असतील तर नवी साखळी त्यांच्यावर घालू नका, दोन्ही एकदम बदला. काहीजण दोन कड्या काढून साखळी आखूड करतात. ते झीज थोडी असताना ठीक. पण ३ टक्क्यांपुढे आखूड केलेली साखळी मोठ्या स्प्रॉकेटवर दातांच्या टोकाकडे चढूनच चालते, आणि एक दिवस एलिव्हेटर भरलेला असताना उडते.

भात गिरणीत साखळीचा खरा शत्रू धूळ आहे. तुसात सिलिका असते, ती काचेसारखी घासते. वरून ग्रीस फासलं की त्यात तूस मिसळून घासकागदासारखं काम करतं. ग्रीस बंद करा. दर आठवड्याला मशीन बंद करून ब्रशने साखळी झाडा आणि पातळ तेल साखळीच्या पट्ट्यांच्या फटींत, सैल बाजूला सोडा. सैल बाजूला अशासाठी की तिथे पिनेवर दाब नसतो, तेल आत शिरतं. पावसाळ्यात तुमच्याकडची हवा काय असते ते मी सांगायला नको. तेव्हा आठवड्याऐवजी चार दिवसांनी.

एलिव्हेटरच्या आतला बादल्यांचा पट्टा सैल वाटत असेल तर त्याला मात्र आयडलर लावू नका. खालच्या ड्रमला दोन्ही बाजूंनी ताण द्यायचे स्क्रू असतात. दोन्हींना सारखेच आटे द्या, नाहीतर पट्टा एका कडेला पळून बादल्या पत्र्याला घासतील.

शेवटचं, आणि याच्यावर मी अडून बसतो. आयडलर बसवला की पट्टा चाकात शिरण्याची एक नवी जागा तयार होते, आणि तुमची जुनी जाळी ती झाकत नाही. गिरणीत भात टाकायला बाया असतात, पदर असतो, पावसात अंगावर घोंगडी असते. जाळी आयडलरसकट झाकेल अशी नवी करून घ्या, आणि ती बसल्याशिवाय मशीन सुरू करू नका. आयडलरचा ताण चालू मशीनवर द्यायचा नाही, एक आटा असला तरी नाही.

तुम्ही मला तीन मापं कळवा: मोटर पुलीच्या खाचेची पोकळी, साखळीच्या २० पिचची लांबी, आणि मोठ्या पुलीजवळ वरच्या पट्ट्याच्या आत किती जागा मोकळी आहे. त्यावरून ६ इंची बसेल की ५ इंचीवर भागवावं लागेल ते सांगतो, आणि ब्रॅकेटचं चित्र काढून पाठवतो. तोपर्यंत ती २ इंची नळी काढून ठेवा, पट्टे किंचाळले तरी चालतील.